आढ्य नसलेला रुग्ण

आयुर्वेदशास्त्राने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे ते चार पाद. प्रत्येक पादाचे चार गुण, असे एकूण सोळा गुण आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेले आहेत. परीक्षेत हमखास विचारला जाणारा हा प्रश्न असल्याने त्याचा विसर पडणे तसे कठीणच. परंतु सोलापूरच्या पूर्व भागात वीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय केल्यानंतर या सोळांपैकी एका गुणाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष नव्याने वेधले गेले. तो गुण कोणता, आणि तो ज्यांच्याजवळ नाही अशा रुग्णांसाठी आपल्यासारख्या चिकित्सकांना काय करता येईल, याविषयी वैद्यबंधुभगिनींशी थोडा विचारविनिमय करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शास्त्रातील रुग्ण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. रुग्णाला आपल्या व्याधीचा वृत्तांत आठवावा, त्याने वैद्याच्या सूचनेप्रमाणे वागावे, त्याने भिऊ नये आणि आपल्याला काय होते ते त्याला नीट सांगता यावे, असा याचा सरळ अर्थ. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात हाच विषय मांडला आहे; मात्र त्यांच्या यादीत रुग्णाचा पहिला गुण 'आढ्य' हा आहे. आढ्य म्हणजे धनवान, साधनसंपन्न. सुश्रुताचार्यांनीही रुग्णाच्या गुणांत 'द्रव्यवान्' हा गुण मोजला आहे.

हे वाचून प्रथमदर्शनी थोडे अवघडल्यासारखे होते. निर्धनाची चिकित्साच करू नये, असे आचार्यांना सुचवावयाचे होते काय? तसे मुळीच नाही. माझ्या मते ही आज्ञा नसून अनुभवाची नोंद आहे. औषध, अनुपान, पथ्य, विश्रांती आणि सेवेला माणूस, या साऱ्यांसाठी साधने लागतात. ती नसतील तर वैद्य कितीही निष्णात असो, चिकित्सेचा एक पाद लंगडाच राहतो.

चरकाचार्यांनी तर सूत्रस्थानाच्या पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायात याचा स्पष्ट विचार केला आहे. संशोधन कर्मापूर्वी आतुरालय कसे असावे, तेथे कोणकोणती भांडी, शय्या, धान्ये, औषधे असावीत, सेवेला कोणत्या गुणांची माणसे असावीत, याचे सविस्तर वर्णन केल्यावर आचार्य थांबत नाहीत. हा सारा संभार राजाला वा श्रीमंताला शक्य आहे, हे ते मान्य करतात आणि पुढे सांगतात की, निर्धन मनुष्यानेही प्रसंग आल्यास दुर्लभ सामग्रीची वाट न पाहता संशोधन घ्यावे. कारण सर्व साधने सर्वांजवळ नसतात, पण दारुण रोग गरिबालाही सोडत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आलेला हा विचार आजही तितकाच जिवंत आहे. प्रश्न एवढाच उरतो की, जो आढ्य नाही त्याच्या चिकित्सेतील ही उणीव कोणी भरून काढावयाची?

एक प्रसंग

२०१९ सालची गोष्ट आहे. सुमारे चाळीस वर्षे वयाची, विडी वळण्याचे काम करणारी एक रुग्णा माझ्या दवाखान्यात येऊ लागली. तीन आठवडे टिकलेला कास, सायंकाळचा ज्वर, अरुची आणि उतरलेले वजन ही लक्षणे पाहता राजयक्ष्म्याची शंका घेणे भाग होते. मी तिला थुंकीच्या तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात जाण्यास सांगितले आणि तशी चिठ्ठीही दिली. पुढच्या खेपेस ती आली ती तपासणी न करताच. पुन्हा सांगितले. तिसऱ्या खेपेसही तेच. त्या दिवशी माझा संयम सुटला. "अक्का, तीनदा सांगितलं, तरी तुम्ही गेला नाहीत. मग माझ्याकडे तरी कशाला येता?" असे मी चार रुग्णांसमक्ष बोललो. तिने मान खाली घातली. तिच्या केसपेपरवर मी लिहिले, 'निर्देशकारित्व नाही.' त्यानंतर ती येईनाशी झाली.

दोन महिन्यांनी ती आली तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होते. सोबत शेजारीण होती आणि सतरा वर्षांची मुलगी होती. मुलीलाही खोकला होता.

त्या दिवशी माझ्या दवाखान्यातील मदतनीस ताईंनी तिला आत नेऊन तेलुगूत विचारपूस केली. बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "ती ऐकते हो सर, पण ती जाणार कधी?" मग जे समजले ते असे. वळलेली विडी कारखान्याच्या शाखेत देऊन दुसऱ्या दिवसाचे पान-तंबाखू आणण्याची वेळ सकाळची, आणि रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदणीची वेळही सकाळचीच. तपासणी एका फेरीत होत नाही. एक नमुना तेथे आणि एक पहाटेचा द्यावा लागतो, म्हणजे किमान दोन दिवसांची मजुरी बुडणार. एकदा ती गेलीही होती. पण मराठीतील फलक वाचता न आल्याने औषधांच्या रांगेत उभी राहून परतली. आणि सर्वांत मोठे कारण तिने शेवटी सांगितले. मुलीचे लग्न ठरत आले होते. आईला क्षय आहे हे कळले तर सोयरीक मोडेल, या भीतीने तिने घरातही काही सांगितले नव्हते. मी मात्र चार माणसांसमोर तिला जाब विचारला होता.

मायलेकी दोघींनाही क्षयरोगाचे निदान झाले. दोघींनी सहा महिन्यांचा औषधोपचार पूर्ण केला आणि दोघीही बऱ्या झाल्या, हे सांगताना समाधान वाटते. परंतु ते दोन महिने वाया गेले नसते, तर मुलीला कदाचित या साऱ्यातून जावेच लागले नसते, ही खंत मनातून जात नाही. तो केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावरील 'निर्देशकारित्व नाही' हा शेरा तिच्याविषयी नसून माझ्या अपुऱ्या परीक्षणाविषयी होता.

प्रज्ञापराध आणि असामर्थ्य

येथे एक शंका स्वाभाविकपणे उपस्थित होईल. रुग्णाची स्वतःची काही जबाबदारी नाही काय? अवश्य आहे. मधुमेही रुग्ण जाणूनबुजून लग्नाच्या पंगतीत जिलेबीवर ताव मारतो, तेव्हा त्याला प्रज्ञापराधच म्हणावे लागेल. त्याला समज देणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याला हिताहित कळते, तसे वागण्याची इच्छाही आहे, पण तसे वागणे त्याच्या हाती नाही, त्याची अवस्था वेगळी. तो प्रज्ञापराध नव्हे, ते असामर्थ्य आहे. दोहोंची बाह्य लक्षणे सारखीच दिसतात. दोघेही औषध अर्धवट सोडतात, दोघेही पुनर्तपासणीस येत नाहीत. म्हणून ज्याप्रमाणे आपण समान लक्षणांच्या व्याधींत व्यवच्छेदक निदान करतो, त्याचप्रमाणे येथेही केले पाहिजे. पहिल्याला समुपदेशन हवे. दुसऱ्याला साहाय्य हवे. दुसऱ्याला समुपदेशन देत राहणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणे होय.

सोलापूरचा 'देश'

विमानस्थानात आचार्यांनी देशपरीक्षा सांगितली आहे. रुग्ण कोणत्या भूमीत जन्मला, कोठे वाढला, कोठे व्याधिग्रस्त झाला, तेथील लोकांचा आहार, विहार, आचार कसा आहे, हे वैद्याने जाणून घ्यावे असा तेथे उपदेश आहे. आपण या परीक्षेचा अर्थ बहुधा जांगल, आनूप, साधारण एवढ्यापुरता मर्यादित ठेवतो. आचार शब्दाचा विस्तार ध्यानात घेतला, तर रुग्णाची भाषा, त्याचे काम, कामाच्या वेळा, घरातील निर्णय कोण घेतो, हे सारे देशपरीक्षेतच येते.

सोलापूरचा हा देश विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कापड गिरण्या सुरू झाल्या आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर समाज मोठ्या संख्येने येथे स्थिरावला. कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने कन्नड भाषा तर येथे घरोघरी आहे. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. गिरण्या बंद पडल्या. यंत्रमागावरील चादर-टॉवेलचा धंदा आणि स्त्रियांचे विडीकाम यांवर हजारो कुटुंबे उभी राहिली. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत सुमारे दहा हजार घरे आहेत. तिचे लोकार्पण १ सप्टेंबर २००६ रोजी झाले. त्याच परिसरातील रे नगर येथील पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना देण्यात आली. डोक्यावर हक्काचे छप्पर आले, ही मोठीच गोष्ट. पण वसाहत शहराबाहेर आणि मोठी रुग्णालये शहरात, त्यामुळे रुग्णालयाची प्रत्येक फेरी म्हणजे प्रवासखर्च आणि बुडालेला रोज, हे गणितही त्यासोबत आले.

दुसरीकडे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सारे गाव 'सिव्हिल' म्हणते, ते १९६३ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून तेथे सोलापूरबरोबर धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर या भागांतूनही रुग्ण येतात. एवढ्या गर्दीत प्रत्येकाची घरची अडचण विचारण्यास तेथील डॉक्टरांना सवड मिळणे दुरापास्तच. म्हणूनच ही विचारपूस रुग्ण तेथे पोचण्यापूर्वी, आपल्या दवाखान्यातच झाली पाहिजे.

ज्ञापकत्व आणि भाषा

ज्ञापकत्व हा रुग्णाचा गुण खरा, पण तो ऐकणाऱ्याच्या कानावरही अवलंबून आहे. तेलुगू भाषिक रुग्ण 'आयासम्' होते असे सांगतो. आपण संस्कृत-मराठीच्या सवयीने आयास म्हणजे श्रम असा अर्थ घेतो आणि 'काम कमी करा' असे सांगून मोकळे होतो. तेलुगूत मात्र आयासम् म्हणजे धाप लागणे, दम लागणे. म्हणजे ज्याला श्वासाची तक्रार सांगावयाची आहे, त्याची नोंद आपण श्रमजन्य दौर्बल्य अशी करतो. कन्नड भाषिक रुग्ण 'सुस्तु' म्हणतो तेव्हा त्याला थकवा, गळून जाणे सांगावयाचे असते. मराठी कानाला ती आळसाची सुस्ती वाटते. शब्द एकाच मुळाचे, पण अर्थ वेगळे. त्यामुळे अनोळखी शब्दापेक्षा असा ओळखीचा शब्द अधिक घातक ठरतो. आपला दवाखाना ज्या वस्तीत आहे, तेथील भाषेतील पन्नास लक्षणवाचक शब्द वहीत उतरवून घेणे, हा यावरचा सोपा उपाय. माझ्या वहीतील बहुतेक शब्द मदतनीस ताईंनी सांगितलेले आहेत. उपस्थाता हा पाद शास्त्रात का मोजला आहे, हे अशा वेळी समजते.

अभीरुत्व आणि रुग्णालय

भीतीचेही असेच आहे. रुग्णाने भिऊ नये हे खरे; पण रुग्णालयानेही भिववू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' या संस्थेचे कार्य सुरू केले. तेथील गोंड आदिवासी मोठ्या इमारतीच्या दवाखान्यात येण्यास बिचकतात, नातलगांना रुग्णाजवळ राहू दिले जात नाही हे त्यांना रुचत नाही, असे लोकांना विचारल्यावर समजले. तेव्हा रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे, कुटी-कुटींचे बांधण्यात आले आणि त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. आपल्या दवाखान्याची रचना आपण बदलू शकत नसलो, तरी ज्यांना पाठवतो त्या रुग्णांना 'तेथे कोणत्या दाराने जावयाचे, प्रथम कोठे नाव नोंदवावयाचे, किती वेळ लागेल' हे आधी सांगू शकतो. माहितीने निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

रुग्णालयातील समाजसेवा

रुग्णाच्या सामाजिक अडचणी हा चिकित्सेचाच भाग आहे, हे पाश्चात्त्य वैद्यकालाही उशिराच उमगले. अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट बाह्यरुग्ण विभाग पाहत असत. विश्रांती, सकस आहार, मोकळी हवा असे सल्ले आपण ज्यांना देतो त्यांना ते पाळणे शक्यच नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०५ साली त्यांनी गार्नेट पेल्टन या परिचारिकेला रुग्णांच्या घरच्या परिस्थितीची चौकशी व साहाय्य करण्यासाठी नेमले. प्रारंभी रुग्णालयाने या कामाचा खर्च उचलला नव्हता. पुढे आयडा कॅनन यांनी ते काम नावारूपास आणले. आपल्याकडे मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटा संस्था सुरू झाली आणि १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली.

आज महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' हे पद असते. निर्धन रुग्णाला औषधे, कृत्रिम अवयव वा शस्त्रक्रियेचे साहित्य मिळवून देण्यासाठी दात्यांशी व निधींशी संपर्क साधणे, बेवारस रुग्णाची सोय लावणे, योजनांची कागदपत्रे पूर्ण करून घेणे ही त्यांची कामे. खेदाची गोष्ट अशी की, आपल्यापैकी अनेकांनी शेकडो रुग्ण सिव्हिलला पाठविले असतील, पण त्या चिठ्ठीवर 'समाजसेवा अधीक्षकांना भेटावे' असे वाक्य क्वचितच लिहिले असेल. प्रस्तुत लेखकानेही २०१९ पर्यंत ते कधी लिहिले नव्हते.

हक्क आहेत, वाट ठाऊक नाही

निर्धन रुग्णासाठी आज ज्या तरतुदी उपलब्ध आहेत, त्यांपैकी तीन तरी प्रत्येक वैद्याला ठाऊक असाव्यात.

पहिली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्या आठांत सोलापूर होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. प्रारंभी प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाख रुपयांपर्यंत असलेली मर्यादा आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या जोडीने पाच लाखांपर्यंत आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. माझ्या परिचयातील एका यंत्रमाग कामगाराला हृदयविकारासाठी शहरातील एका रुग्णालयात दाखल केले असता, घरच्यांनी गंठण गहाण ठेवून अनामत भरली. आरोग्यमित्राचे टेबल त्याच इमारतीत, प्रवेशद्वाराशी होते. तो माणूस कशासाठी बसला आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि विचारावे हे त्यांना सुचले नाही. मी त्यांना एवढे एक वाक्य आधी सांगितले असते, तर ते गंठण गहाण पडले नसते.

दुसरी, धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार, धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा करावयाची असते. उत्पन्नाच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून चालू मर्यादा धर्मादाय आयुक्त कार्यालयातून विचारून दवाखान्यात लावून ठेवणे हितावह.

तिसरी, क्षयरुग्णांसाठी निक्षय पोषण योजना. १ एप्रिल २०१८ पासून उपचारकाळात पोषणासाठी दरमहा ५०० रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. वर वर्णिलेल्या रुग्णेचे स्वतःचे बँक खाते वापराविना बंद पडले होते. ते सुरू करून घेण्यास लागलेले दोन दिवस, हाही तिच्या चिकित्सेचाच भाग होता असे मी मानतो.

आपल्या दवाखान्यात काय करता येईल

या सर्वांसाठी मोठा निधी वा नवी संस्था लागत नाही. गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाने जे करून पाहिले, ते येथे क्रमाने नमूद करतो.

१) केसपेपरवर प्रकृती, अग्नी, कोष्ठ यांच्या खाली 'देश' असा एक रकाना ठेवावा. घरची भाषा, काम व कामाची वेळ, सोबत येऊ शकणारी व्यक्ती, रेशनकार्ड आहे काय व कोणत्या गावचे, एवढ्या चार नोंदी पुरेशा आहेत.

२) पथ्य सांगताना ते त्या घरात शिजेल काय, हे विचारावे. जेथे मध परवडत नाही तेथे दोषानुरूप कोमट पाणी हे अनुपान चालेल काय, महागड्या फळांऐवजी त्या घरी मिळणारे काय देता येईल, हे वैद्याने शोधावे. उपकल्पनीय अध्यायातील विचार तो हाच.

३) पुढे पाठविताना नुसते 'सिव्हिलला जा' असे सांगू नये. विभाग, तेथील वार व वेळ, सोबत न्यावयाची कागदपत्रे आणि समाजसेवा अधीक्षक वा आरोग्यमित्र यांना भेटण्याची सूचना, हे सारे चिठ्ठीवर लिहावे. रुग्णाला वाचता येत नसले तरी तेथे ती चिठ्ठी कोणीतरी वाचतो.

४) व्याधीचे नाव रुग्णास एकांतात सांगावे. क्षय, कुष्ठ, एचआयव्ही, मानसविकार, वंध्यत्व अशा बाबतींत बाकावर बसलेल्या शेजाऱ्यांसमोर उच्चारलेला एक शब्द रुग्णाला कायमचा दूर नेऊ शकतो. क्षयरुग्णाची शासनाकडे नोंद करणे २०१२ पासून बंधनकारक आहे. ती करावीच, पण ती गोपनीय असते हेही रुग्णाला समजावून सांगावे.

५) आशा कार्यकर्ती, बचत गटातील प्रमुख स्त्री, कामगार संघटनेचा कार्यकर्ता यांपैकी एकाची तरी ओळख ठेवावी. रुग्णाची संमती असेल तेथे त्यांना सोबत पाठवावे. एका परिचित माणसाची सोबत दहा सूचनांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

६) पाठविलेला रुग्ण आठ दिवसांत परतला नाही, तर दूरध्वनी करून 'का आला नाहीत' असे न विचारता 'काय अडचण आली' असे विचारावे. या दोन प्रश्नांना मिळणारी उत्तरे अगदी भिन्न असतात.

सवडीचा प्रश्न

दिवसाला पन्नास-साठ रुग्ण पाहणाऱ्या वैद्याने हे सारे कधी करावयाचे, अशी पृच्छा काही मित्रांनी केली. आक्षेप रास्त आहे. सर्दी-पडशाच्या प्रत्येक रुग्णाची अशी चौकशी करण्याची आवश्यकता नाही. जीर्ण व्याधीचा रुग्ण, रुग्णालयात पाठवावयाचा रुग्ण आणि दोनदा सांगूनही सूचना न पाळणारा रुग्ण, एवढ्या तिघांपुरतीच ही परीक्षा करावी. त्यातील बरेचसे काम मदतनीसही करू शकतो. आपले अनेक तरुण स्नातक रुग्णालयांत निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून, रुग्णवाहिकांवर आणि उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कार्यरत आहेत. रुग्णाच्या खाटेशी सर्वाधिक वेळ त्यांचाच जातो; या कामी त्यांचा वाटा मोठा राहील.

शिवाय जो वेळ येथे वाचवला असे वाटते, तो पुढे व्याधी वाढल्यावर दुपटीने द्यावाच लागतो. मला तीन खेपांत तीन मिनिटे वाचवावीशी वाटली. त्यापायी दोन महिने गेले आणि एका रुग्णाच्या दोन झाल्या.

उपसंहार

आपल्या संघटनेच्या शाखांनी हा विषय हाती घेतल्यास बरेच काही साध्य होण्यासारखे आहे. प्रत्येक शाखेने आपल्या शहरातील योजनांची रुग्णालये, समाजसेवा अधीक्षकांच्या भेटीच्या वेळा आणि आवश्यक कागदपत्रे यांचे एक पान तयार करून सभासदांना द्यावे, आणि दर सहा महिन्यांनी ते तपासून अद्ययावत करावे, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. सोलापूरपुरते हे काम करण्याची माझी तयारी आहे.

वाग्भटाचार्यांनी रुग्ण आढ्य असावा असे म्हटले. आपल्याकडे येणारे बहुतेक रुग्ण आढ्य नाहीत, आणि उद्या होतील असेही नाही. त्यांना आढ्य करणे आपल्या हाती नाही. परंतु आढ्य माणसाला जे सहज मिळते, म्हणजे योग्य माहिती, समजेल अशी भाषा, सोबतीला माणूस आणि मानाने विचारलेला प्रश्न, ते त्यांना देणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. तेवढे केल्यानंतरही रुग्णाने सूचना पाळली नाही, तरच त्याच्या केसपेपरवर 'निर्देशकारित्व नाही' असे लिहिण्याचा अधिकार आपल्याला पोचतो. त्या दिवसापासून आजवर मला तो शेरा लिहिण्याचे प्रसंग फारच थोडे आले आहेत.